वाट पाहण्याच्या काळात स्तुती कशी करावी: गाऱ्हाण्यापासून गाण्यापर्यंत

विनाअनुदानित शाळेत मी अकरा वर्षे शिकवले. दर जूनमध्ये ‘यंदा अनुदान नक्की’ अशी बातमी यायची, दिवाळीपर्यंत ती थंड पडायची आणि मार्चअखेरीस पुन्हा कोणीतरी फाईल पुढे सरकल्याचे सांगायचे. त्याच वर्षांत आईच्या मूत्रपिंडाचा आजार वाढत गेला. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, उभी राहून मी उपकारस्तुतीची गीते म्हणत असे, आणि घरी परतताना रिक्षात मनाला टोचत राहायचे की आज जे गायले त्यातला एकही शब्द माझा नव्हता. ती तोंडदेखली स्तुती होती. देवाला ती कळत असणार, या विचाराने गाणे आणखी जड व्हायचे.

नोकरी, मूल, लग्न, आजारपण, घर सोडून गेलेला मुलगा, कोर्टातला दावा, अशा कोणत्याही कारणाने ज्यांचा जीव वर्षानुवर्षे टांगणीला लागला आहे आणि तरीही ज्यांना प्रभूला धरून राहायचे आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. यातले काही मी पवित्र शास्त्रातून शिकले, काही आमच्या पाळकसाहेबांकडून आणि पुष्कळसे मंडळीतल्या वयस्कर बायांकडून. पायऱ्यांचा क्रम कृपया बदलू नये, कारण आपल्यापैकी बहुतेकजण दुसरी पायरी गाळून थेट तिसरीवर उडी घेतात आणि तिथेच घसरतात. मीही तशीच घसरले होते.

पायरी १: कशाची वाट पाहतो ते एका वाक्यात लिहा

एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर आपण कशाची आणि केव्हापासून वाट पाहत आहोत, ते एकाच वाक्यात लिहा. ‘देवा, सगळे ठीक कर’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात काहीच सांगितलेले नसते. ‘लग्नाला सात वर्षे झाली, आम्हांला मूल हवे आहे’ हे वाक्य चालेल. असे लिहिताना हात थरथरतो, हे मला माहीत आहे, पण जे दुःख आपण मोघम ठेवतो त्याबद्दलची प्रार्थनाही मोघम होते, आणि अशा प्रार्थनेतून उठल्यावर आपण देवाशी बोललो असे वाटतच नाही.

त्या वाक्याखाली दोन प्रश्नांची उत्तरे लिहा. यातले माझ्या हातात काय आहे, हा पहिला प्रश्न. त्याकडे आपण पाचव्या पायरीत परत येणार आहोत. दुसरा प्रश्न अवघड आहे: हे देण्याचे देवाने वचन दिले आहे, की ही माझी इच्छा आहे?

येथे सावकाश विचार करावा. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन (ओवी) आपल्यापैकी अनेकांच्या घरी कॅलेंडरवर किंवा भिंतीवरच्या पाटीवर असते. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत आणि तो आपल्याला आशा व भविष्य देणार आहे, असे ते वचन सांगते. परंतु हा मजकूर बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातला आहे, आणि त्याच्या अगदी आधीच्या वचनात सत्तर वर्षांचा आकडा आहे. म्हणजे ज्या प्रौढ माणसांनी ते पत्र ऐकले, त्यांच्यापैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. वचन खरे होते, पण ते एका संपूर्ण समाजाला दिलेले होते आणि त्याचा पल्ला एका आयुष्यापेक्षा लांब होता. तेच वचन उचलून ‘या वर्षी माझी बदली होणारच’ असा त्याचा अर्थ लावला, तर बदली न झाल्यावर आपल्याला देवच खोटा वाटू लागतो. प्रत्यक्षात खोटा ठरलेला असतो तो आपण लावलेला अर्थ.

इच्छा बाळगणे हे पाप नव्हे. बायबलमधल्या निपुत्रिक हन्नेला पुत्र हवा होता, ती तिची इच्छाच होती, आणि ती तिने परमेश्वराच्या मंदिरात रडत रडत मांडली. वहीत फक्त ‘इच्छा’ आणि ‘वचन’ अशी प्रामाणिक नोंद करा. प्रभू मला सोडणार नाही आणि टाकणार नाही, हे वचन आहे, तर माझी नोकरी कायम होईल, ही इच्छा आहे. ज्यांच्याजवळ स्पष्ट वचन होते, त्यांनाही थांबावे लागलेच. अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा शंभर वर्षांचा. मधल्या काळात त्याने स्वतःची सोय करून पाहिली आणि शहाऐंशीव्या वर्षी हागार या दासीपासून त्याला इश्माएल झाला. त्या घाईची किंमत हागार आणि तिच्या मुलाने मोजली, ही गोष्ट आपण वाचताना फार भरभर ओलांडतो.

पायरी २: स्तुतीच्या आधी गाऱ्हाणे घाला

स्तोत्रसंहितेचे, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकाचे, इब्री नाव ‘तहिल्लीम’ म्हणजे ‘स्तुतिगीते’ असे आहे, आणि तरीही त्या पुस्तकात सर्वांत जास्त भरणा विलापाच्या स्तोत्रांचा आहे. ज्यांनी हे पुस्तक जुळवले त्यांनी देवासमोर केलेला आक्रोश स्तुतीच्याच खात्यात धरला. हे माझ्या लक्षात आले त्या दिवशी माझ्या खांद्यावरचे मोठे ओझे उतरले. ज्याच्यावर आपला विश्वासच नाही, त्याच्याकडे कोणी गाऱ्हाणे घेऊन जात नाही.

तेरावे स्तोत्र उघडा. फक्त सहा वचने आहेत, आणि हाच आपला नमुना आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तू मला कोठवर विसरणार, आपले मुख कोठवर लपवणार, मी मनात कोठवर झुरत राहू, शत्रू माझ्यावर कोठवर वरचढ राहणार? लक्ष देऊन पाहिले तर हे चार प्रश्न तीन दिशांना जातात: पहिले दोन देवाकडे, तिसरा स्वतःच्या मनाकडे आणि चौथा बाहेरच्या माणसांकडे. वाट पाहणाऱ्याला नेमके या तीनही बाजूंनी घेरले जाते. तिसऱ्या आणि चौथ्या वचनात मागणी आहे: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांना प्रकाश दे. मग पाचव्या वचनात सूर पालटतो, आणि दावीद म्हणतो की मी तर तुझ्या दयेवर भाव ठेवला आहे. शेवटच्या वचनात तो गाणे म्हणतो.

चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मध्ये काय घडले? स्तोत्रात तरी काहीही घडलेले नाही. शत्रू हटलेला नाही, उत्तर आलेले नाही. घडले ते एवढेच, की जे सांगायचे होते ते सगळे सांगून झाले.

आता स्वतःचे गाऱ्हाणे याच ढाच्यात लिहा. ‘कोठवर’ने सुरू होणारी चार वाक्ये: दोन देवाला, एक स्वतःच्या मनाबद्दल, एक माणसांबद्दल. नंतर तीन मागण्या. माझ्या वहीतले चौथे वाक्य असे आहे: ‘मामाच्या मुलीच्या लग्नात पगार किती म्हणून विचारणाऱ्यांना मी कोठवर हसून उत्तर देऊ?’ ते लिहिताना मला ओशाळवाणे झाले होते, कारण ते क्षुल्लक वाटत होते. पण मनाला खरी जखम तिथेच होती. मोठ्या शब्दांत लिहू नका, जी गोष्ट रात्री झोप उडवते तीच लिहा. पाचवे आणि सहावे वचन मात्र या आठवड्यात लिहायचेच नाही. वहीत त्यासाठी जागा मोकळी सोडा.

काहींना या पायरीवरच पुष्कळ दिवस थांबावे लागते. त्यांनी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे. त्यात सूर पालटतच नाही, ते अंधारातच संपते. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि त्याच्या पहिल्याच ओळीत देवाला तारणारा म्हटले आहे. तुमचे गाऱ्हाणे अंधारात संपले म्हणून तुमचा विश्वास संपला, असे कोणालाही म्हणू देऊ नका.

पायरी ३: देवाने काय दिले यापेक्षा देव कोण आहे, येथून सुरुवात करा

आपल्याकडे ‘स्तुती’ आणि ‘उपकारस्तुती’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मिळालेल्या गोष्टीबद्दल आपण उपकार मानतो, ती उपकारस्तुती. देव जसा आहे तसे त्याला मान्य करतो, ती स्तुती. वाट पाहण्याच्या काळात पहिलीला विषय कमी पडतात आणि म्हणून माणूस ओढूनताणून यादी करू लागतो. दुसरीला मात्र विषय कमी पडत नाही, कारण आपली परिस्थिती बदलली म्हणून देव बदलत नाही.

हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट यासाठी पाहावा. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक फसले, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरे नाहीत. या सहा गोष्टी म्हणजे त्या काळच्या यहूदी घराचे संपूर्ण जमाखर्चाचे पुस्तक आहे: फळ, द्राक्षारस, तेल, भाकरी, लोकर आणि दूधदुभते. संदेष्टा एकही रकाना झाकत नाही. सगळे ‘नाही’ म्हणून मोजून झाल्यावर तो ‘तरी’ म्हणतो आणि परमेश्वराच्या ठायी हर्ष करण्याचे ठरवतो.

याच धाटणीत स्वतःचे सहा ‘जरी’ लिहा. माझे पहिले दोन असे होते: ‘जरी पगारपत्रकावर माझे नाव आले नाही, जरी आईचे क्रिएटिनिन खाली आले नाही’ (मूत्रपिंड नीट चालत नसले की रक्तात हे वाढते). सहा झाल्यावर ‘तरी’ लिहा, आणि त्यापुढे जपून लिहा. ‘तरी तू लवकरच देशील’ असे लिहू नका, कारण तो पुन्हा मागणीचाच भाग झाला. देवाविषयी जे आजही खरे आहे ते लिहा: तरी तू न्यायी आहेस, तरी तू मला नावाने ओळखतोस, तरी तुझ्या पुत्राने माझ्यासाठी जीव दिला. एका आठवड्याला देवाचा एकच गुण घ्या. त्या गुणाविषयी शास्त्रातला एक उतारा रोज वाचा आणि त्यावरून दोनतीन वाक्ये मोठ्याने बोला. मोठ्याने यासाठी, की मनातल्या मनात बोलताना काळजीचा आवाज नेहमी वरचढ होतो.

याच्या जोडीला आठवण ठेवण्याचा एक अभ्यास आहे, आणि तो घरातल्या सगळ्यांनी मिळून करण्यासारखा आहे. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात सव्वीस वचने आहेत आणि प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच आहे: ‘कारण त्याची दया सनातन आहे.’ जगाच्या उत्पत्तीपासून मिसरातून सुटकेपर्यंतचा इतिहास एकजण सांगतो आणि सगळे मिळून ते ध्रुवपद म्हणतात. आपल्या घराचा इतिहास असाच म्हणता येतो. आईच्या शेवटच्या वर्षात एका संध्याकाळी आम्ही तिच्या खाटेभोवती बसून तसे केले. सुरुवात तिनेच केली. ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो, तिथे पोरांना सुकडी मिळाली,’ ती म्हणाली, आणि आम्ही म्हटले, त्याची दया सनातन आहे. ‘तुझ्या बापाचा हात मशीनमध्ये जाता जाता वाचला.’ त्याची दया सनातन आहे. तिचा आवाज खोल गेला होता, पण एकेका ओळीनंतर ती आमच्या तोंडाकडे पाहायची, आम्ही खरोखर म्हणतो आहोत की नाही ते. त्या संध्याकाळी कोणतीही मागणी करायचे आम्हांला सुचलेच नाही.

पायरी ४: वेळ ठरवा आणि गा

एकशे तिसाव्या स्तोत्रात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत, आणि स्तोत्रकर्ता ती ओळ दोनदा म्हणतो. पहारेकऱ्याची वाट पाहणे ही मनाची लहर नसते. त्याची पाळी ठरलेली असते, आणि झोप आली तरी तो जागेवर असतो. वाट पाहणाऱ्याच्या स्तुतीलाही अशीच पाळी हवी, कारण मनाला वाटेल तेव्हा स्तुती करायची म्हटली, तर वाईट दिवसांत ती होतच नाही.

आमच्या गल्लीत पहाटे साडेचारला नळाला पाणी येते. पिंप भरेपर्यंत साधारण वीस मिनिटे लागतात, आणि स्वयंपाकघरात नळाजवळच्या पाटावर बसून काढलेली ती वीस मिनिटे माझी पाळी झाली. तुमची वेळ लोकलमधली असेल, रात्रपाळीनंतरची असेल, मुले शाळेत गेल्यावरची असेल. मिनिटे थोडी असली तरी चालेल, पण जागा आणि वेळ रोज तीच ठेवा. पहिला आठवडा फक्त दुसऱ्या पायरीतले गाऱ्हाणे वाचा. दुसऱ्या आठवड्यापासून गाऱ्हाण्यानंतर देवाचा एक गुण घ्या. तिसऱ्या आठवड्यात सहा ‘जरी’ आणि एक ‘तरी’ लिहा, आणि चौथ्या आठवड्यात तेराव्या स्तोत्राच्या धर्तीवर मोकळी सोडलेली ती जागा भरून पाहा. नाही भरता आली तर मोकळीच राहू द्या आणि पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरू करा. माझी जागा तिसऱ्या फेरीत भरली.

प्रत्येक वेळी एक गीत म्हणा. फिलिप्पैच्या तुरुंगात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री देवाची गीते गात होते, हे आपण त्यानंतर तुरुंगाची दारे उघडणाऱ्या भूकंपासाठी लक्षात ठेवतो. पण त्यांच्या पाठी फटक्यांनी सोललेल्या होत्या आणि पाय खोड्यात अडकलेले होते. भूकंप होईल हे त्यांना ठाऊक नव्हते. तो झाल्यावरही ते पळाले नाहीत, त्यांनी आधी बंदिशाळेच्या नायकाचा जीव वाचवला. गाणे सुटकेसाठी केलेला उपाय असते, तर दारे उघडताच ते निघून गेले असते.

मराठी ख्रिस्ती माणसाला या बाबतीत मोठा ठेवा मिळालेला आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, आणि त्यानंतर त्यांनी अभंग, पदे आणि कीर्तन हे आपल्या मातीतले प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणले. या बाप्तिस्म्यामुळे त्यांचा संसार दुभंगला आणि पत्नी लक्ष्मीबाईंपासून त्यांना काही वर्षे दूर राहावे लागले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या पदांमध्ये जी व्याकुळता आहे, ती मला परकी वाटत नाही. अशी संथ चालीची पदे निवडा. टाळ्या वाजवून म्हणायची गीते आनंदाच्या दिवसांसाठी चांगली आहेत, पण रडणाऱ्या गळ्याला ती झेपत नाहीत. गळा दाटून आला तर गीत नुसते वाचा, आणि वाचवत नसेल तर मोबाईलवर लावून फक्त ऐका.

पायरी ५: हातातले काम सोडू नका

‘मी प्रभूची वाट पाहतो आहे’ असे म्हणून हातावर हात ठेवून बसणे शास्त्राला मान्य नाही. ज्या पत्रात सत्तर वर्षांचा आकडा आहे, त्याच पत्रात परमेश्वर बंदिवानांना घरे बांधा, बागा लावून त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात नेले आहे त्याचे हित पाहा असे सांगतो. पुढे बत्तिसाव्या अध्यायात तर यरुशलेमेला वेढा पडलेला असताना यिर्मया अनाथोथमधले शेत सतरा शेकेल रुपे मोजून विकत घेतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि ते मातीच्या भांड्यात जपून ठेवायला लावतो. शेत शत्रूच्या ताब्यात जाणार हे उघड दिसत होते. तरीही व्यवहार रीतसर झाला.

याकोबाच्या पत्रात शेतकऱ्याचा दाखला आहे. तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची धीराने वाट पाहतो. पॅलेस्टाईनमध्ये पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास जमीन नांगरण्याजोगी मऊ करतो आणि मार्च-एप्रिलचा शेवटचा पाऊस दाणा भरतो. आमच्या नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण येथली रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाने जमिनीत मुरलेल्या ओलीवर उभी राहते. पाऊस आपल्या हातात नसतो, पण ओल टिकण्यासाठी बांध घालणे, कुळवणे, वापसा येताच पेरणे हे आपल्याच हातात असते. ज्याने कुळवलेच नाही त्याने आभाळाकडे पाहून स्तुती केली, तरी उगवणार काय?

म्हणून पहिल्या पायरीतल्या ‘माझ्या हातात काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर आता काढा आणि त्यातले एक काम या आठवड्यात करा. अर्ज राहिला असेल तर भरा, कागदपत्रांच्या प्रती काढून ठेवा, रुसलेल्या मुलाला फोन करा. मी त्या अकरा वर्षांत एम.ए. पूर्ण केले आणि शाळेच्या प्रस्तावातल्या त्रुटी दूर करण्यासाठी जितक्या वेळा बोलावले तितक्या वेळा गेले.

येथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. विश्वास दाखवण्यासाठी औषध बंद करू नका, डायलिसिस चुकवू नका, तपासणी पुढे ढकलू नका. औषध घेणे हा अविश्वास आहे असे कोणी सभेत उभे राहून सांगितले, तर ते मानू नका. पौल तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, हे तुम्हीच शास्त्रात वाचू शकता.

पायरी ६: दोन माणसे निवडा

संपूर्ण मंडळीला सगळे सांगण्याची गरज नाही. जी ऐकून घेतात आणि बाहेर बोलत नाहीत अशी दोन माणसे पुरेशी आहेत. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि त्यांचे तेवढे वागणे अगदी योग्य होते. बिघडले ते बोलायला सुरुवात केल्यावर.

‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे म्हणणारे भेटतीलच. त्यांच्याशी वाद घालू नका. शिलोच्या मंदिरात हन्नेचे ओठ हलत होते आणि आवाज ऐकू येत नव्हता, तेव्हा खुद्द एली याजकाला ती दारू प्यालेली वाटली. तिने अदबीने पण स्पष्ट उत्तर दिले की मी मद्य प्यालेले नाही, मी परमेश्वरापुढे आपले मन मोकळे केले आहे. त्यानंतर ती जेवली आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांनी परमेश्वराची उपासना केली आणि ते रामा येथे घरी परतले. गर्भ राहिला तो या सगळ्यानंतर. तिचा नवसही नीट वाचावा. आपण ‘दे, म्हणजे मी अमुक करीन’ असा सौदा करतो, तर हन्नेने मागितलेला मुलगाच देवाला परत देऊ केला.

झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच जाऊ लागली असेल, तर या दोन माणसांपैकी एकाला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. ती पायरी पुढे ढकलायची नाही.

पायरी ७: उत्तर ‘नाही’ असे आले तर

शरीरातला काटा काढावा म्हणून पौलाने प्रभूला तीनदा विनवले. काटा राहिला, आणि कृपा पुरेशी आहे असे उत्तर आले. बेथानीत लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था आणि मरीया या दोघींनी वेगवेगळ्या वेळी एकच वाक्य म्हटले: प्रभू, तू येथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशूने दोघींपैकी एकीलाही त्या वाक्याबद्दल दटावले नाही. मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडला, आणि तेही आपण लाजराला पुन्हा जिवंत करणार आहोत हे माहीत असताना.

आई गेली त्या रात्री मी वही उघडली आणि पहिल्या पानावरच्या तिच्या आजाराच्या वाक्यापुढे तारीख घातली. त्यापुढे मला काही लिहिता आले नाही. नंतरचे चाळीसेक दिवस मी नुसते तेरावे स्तोत्र वाचत होते, तेही चौथ्या वचनापर्यंत. ‘नाही’ ऐकल्यावर पुन्हा दुसऱ्या पायरीवर जायचे असते, आणि त्याला मागे पडणे म्हणत नाहीत.

काही कामांचे फळ काम करणाऱ्याच्या हयातीत दिसत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ इब्री आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली, आणि ते छापण्याचे काम तिथल्याच मुली आणि स्त्रिया करत होत्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले ते १९२४ मध्ये. मुलगी गेल्यानंतरच्या त्या शेवटच्या महिन्यांत ते काम पुढे नेताना त्यांच्या मनात काय चालले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. काम थांबले नाही, एवढे दिसते.

इब्री भाषेत आशेला ‘तिकवा’ म्हणतात, आणि यरीहोच्या राहाबेने, इस्राएली हेरांना लपवल्यावर आपले घर वाचावे म्हणून खूण म्हणून, खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठी यहोशवाच्या पुस्तकात हाच शब्द येतो. दोरी बांधल्यावर वेढा पडला, लोकांनी सात दिवस नगराला फेऱ्या घातल्या आणि तट कोसळला. तोवर राहाबेच्या हातात करण्यासारखे एकच होते: घरच्या माणसांना आत गोळा करणे आणि दोरी सुटू न देणे.

उत्तर आले त्या दिवशी

आई गेल्यानंतर सव्वा वर्षाने आमच्या शाळेला वीस टक्के टप्पा अनुदान मिळाले. तुमच्याकडेही असा दिवस आला तर आधी वही काढा आणि ‘कोठवर’ची चारही वाक्ये पुन्हा मोठ्याने वाचा. त्यानंतरच उपकार माना. मंडळीत साक्ष द्यायची असेल तर शेवटचा गोड भागच सांगू नका. किती वर्षे लागली तो आकडा सांगा, कोणत्या प्रार्थनेला ‘नाही’ मिळाले तेही सांगा, आणि ज्या दिवसांत तुम्हांला गाता आले नाही ते दिवस झाकू नका. मी साक्ष दिली त्या रविवारी उपासना संपल्यावर मागच्या बाकावरची एक विवाहित मुलगी माझ्याकडे आली. तिने स्वतःबद्दल काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. वहीच्या पहिल्या पानावर नेमके काय लिहायचे, एवढेच तिला हवे होते.